वाचकांचे प्रश्न : टोयोटाची गाडी भरवशाची, हे नाव झालं कसं?

गाड्यांवर प्रश्न पाठवा म्हटलं तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कंपनीबद्दल आली. त्यामुळे यावेळचं पूर्ण सदर टोयोटालाच देतोय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : मालकांचं आडनाव टोयोडा आणि गाडीवर टोयोटा. ही छापताना झालेली चूक आहे का?

नाही हो, मुद्दाम बदललंय. 1936 मध्ये कंपनीने नवीन बोधचिन्हासाठी लोकांकडून डिझाइन मागवले, सुमारे 27,000 आले, आणि जे निवडलं त्यात टोयोडाच्या जागी टोयोटा होतं. जपानी काताकाना लिपीत टोयोटा लिहायला आठ फटकारे लागतात, टोयोडा लिहायला दहा, आणि आठ हा आकडा तिकडे भरभराटीचा मानतात. शिवाय घराण्याचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं राहिलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 28 ऑगस्ट 1937 ला टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. ही तारीख जरा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. ज्या कोरोमो गावात कारखाना होता त्या गावाने तर 1959 मध्ये स्वतःचंच नाव बदलून टोयोटा करून घेतलं.

प्रश्न : आधी हे लोक कापडाचे माग बनवायचे म्हणे. मागाचा आणि गाडीचा काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

साकिची टोयोडा हे सुताराचे पोर, जन्म 1867 चा. आयुष्यभर एकच ध्यास, माग सुधारायचा. 1924 मध्ये त्यांचा जी टाइप स्वयंचलित माग आला. त्यात बाण्याचं सूत संपत आलं की माग न थांबता धोटा आपोआप बदलायचा, पण ताण्याचा एक जरी धागा तुटला तर माग तिथल्या तिथे आपोआप बंद पडायचा. आधी काय व्हायचं, धागा तुटलेला कळायचा नाही आणि माग आपला खराब कापड विणत बसायचा, म्हणून प्रत्येक मागापाशी डोळे लावून माणूस उभा करावा लागायचा. आता एकच कामगार तीसेक माग सांभाळू लागला, कारण चूक झाली की यंत्रच थांबून हाक मारणार! इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये एक लाख पौंडांना त्याचे हक्क घेण्याचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रमाग दिले त्या देशातली नावाजलेली कंपनी जपानी सुताराच्या मुलाकडून तंत्र विकत घेते, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट असेल बघा.

साकिची 1930 मध्ये गेले. गाड्यांचं वेड त्यांच्या मुलाला, कीइचिरो यांना. त्या काळी जपानमध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स सुटे भाग आणून गाड्या जोडायचे आणि बाजार जवळजवळ त्यांचाच होता. कीइचिरोंनी 1933 मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला. 1935 मध्ये पहिला ट्रक जी 1 आला, 1936 मध्ये पहिली कार एए. आणि स्पष्ट सांगायचं तर त्यात नक्कल बरीच होती, इंजिन शेवरोलेटचं बघून केलेलं, आकार क्रायस्लरच्या एअरफ्लोसारखा. ट्रक तर रस्त्यात सारखे मोडायचे. ज्या कंपनीला आज लोक भरवशाची म्हणतात तिची सुरुवात अशी झालीय. पण चूक दिसली की थांबायचं, हे मागाचं तत्त्व त्यांनी गाडीच्या कारखान्यात आणलं, त्याला ते जिदोका म्हणतात, म्हणजे यंत्राला माणसाची अक्कल देणं. माझ्या मते टोयोटाची सगळी ख्याती या एका गोष्टीवर उभी आहे आणि जेव्हा जेव्हा ती घसरली तेव्हा हीच गोष्ट विसरल्यामुळे घसरली.

प्रश्न : साधा कामगार दोरी ओढून अख्खा कारखाना बंद करू शकतो हे खरं की नुसती जाहिरात?

खरं आहे, पण लोक सांगतात तसं अगदी नाही. दोरी ओढली की लगेच सगळं ठप्प होत नाही. आधी वरच्या फलकावर, ज्याला अंदोन म्हणतात, दिवा लागतो आणि सूर वाजतो, टीमचा लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तर खुणेवर थांबते. बऱ्याच वेळा ती सुटतेच. महत्त्वाचं हे की दोरी ओढणाऱ्याला कोणी ओरडत नाही, मदतीला येतं. ही सवय लावायला फार वर्षं लागतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जपानच्या बाहेरचं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, कामावर दांड्या, भांडणं, खराब गाड्या, शेवटी 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना नुम्मी नावाने सुरू केला, कामगार बहुतेक जुनेच आणि युनियनही तीच, फक्त काम करायची पद्धत टोयोटाची. आणि थोड्याच काळात तिथून चांगल्या गाड्या निघू लागल्या. म्हणजे दोष माणसांत नव्हताच.

याच प्रश्नाला जोडून कोणीतरी विचारलंय की माल साठवायचा नाही, लागेल तेव्हाच मागवायचा, ही पद्धत धोक्याची नाही का. धोक्याची आहेच. कल्पना कीइचिरोंची, आणि ती प्रत्यक्षात बसवली ताइइची ओनो यांनी. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच परत फळीवर भरतात, तेच तत्त्व त्यांनी कारखान्यात कानबान नावाच्या चिठ्ठ्यांनी आणलं. पण 1 फेब्रुवारी 1997 ला आयसिन या सप्लायरच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे साठा अगदी थोडा, झालं, जपानमधले बहुतेक कारखाने बंद पडले. मग बाकीचे सप्लायर धावून आले, कोणी मशीन दिलं, कोणी नकाशे वाचून तो व्हॉल्व्ह स्वतःच बनवायला घेतला, त्यात शिवणयंत्रं बनवणारी एक कंपनीसुद्धा होती, आणि आठवड्याच्या आसपास गाडी रुळावर आली. वर्षानुवर्षं सप्लायरशी नीट वागल्याशिवाय हे होत नाही. नुसती चिठ्ठ्यांची पद्धत उचलून आणणाऱ्यांना हा भाग दिसत नाही.

प्रश्न : कंपनी कधी बुडायला आली होती का?

आली होती. युद्धानंतर जपानमध्ये महागाई आटोक्यात आणायला सरकारने पैसा आवळला, गाड्या विकेनात, विकल्या तर पैसे येईनात. कोणाला काढणार नाही असा शब्द कीइचिरोंनी दिला होता, तो पाळता आला नाही, मोठा संप झाला आणि जून 1950 मध्ये त्यांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन सैन्याकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या, कंपनी वाचली. कीइचिरोंना परत बोलवायचं ठरलं होतं पण 1952 मध्ये 57 व्या वर्षी ते वारले. भरभराट त्यांनी बघितलीच नाही, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : अमेरिकेत पहिल्यापासूनच हिट होती का?

अजिबात नाही. टोयोपेट क्राउन ही गाडी जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी मजबूत बनवलेली, तिकडच्या हायवेवर वेगाने पळवली की इंजिन तापायचं, गाडी थरथरायची. 1958 मध्ये तिथे जेमतेम 288 गाड्या विकल्या, त्यातली एक लँड क्रूझर, म्हणजे टोयोटाची जीपसारखी गाडी होती. शेवटी कारची निर्यात थांबवली आणि लँड क्रूझरवर दिवस काढले. 1965 मध्ये कोरोना नावाची कार घेऊन परत गेले, ती मात्र चालली. 1966 मध्ये कोरोला आली, तिचं तर सांगायलाच नको, त्या नावाच्या 5 कोटींहून जास्त गाड्या विकल्या गेल्यात. फसल्यावर माल परत घेऊन नीट करून मग परत जाणं, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

प्रश्न : एवढी चांगली कंपनी तर इतके रिकॉल का? 2010 चं ते प्रकरण नक्की काय होतं?

आधी एक सांगतो, रिकॉल म्हणजे दोष निघाला की कंपनीने विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. तो झाला म्हणजे गाडी वाईट असं समजू नका. 1989 मध्ये टोयोटाचा लेक्सस हा महागडा ब्रँड सुरू झाला आणि काही महिन्यांतच त्यांनी सुमारे 8,000 गाड्या परत बोलावल्या, तक्रारी आल्या होत्या फक्त दोन. माणसं ग्राहकाच्या घरी जाऊन गाडी घेऊन गेली, दुरुस्त केली आणि परत आणून दिली. त्या रिकॉलने लेक्ससचं नाव वाढलं.

2009-10 चं वेगळं होतं. 28 ऑगस्ट 2009 ला, म्हणजे बरोबर कंपनीच्या वाढदिवशी, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्ससचा वेग आवरेना, अपघात झाला आणि चार जण गेले. पायाखालची मॅट दुसऱ्या मॉडेलची होती आणि अॅक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. मग काही मॉडेलमध्ये पेडल स्वतःच चिकटतं हेही पुढे आलं, जगभरात लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे अशी फार ओरड झाली, म्हणून नासाच्या इंजिनिअरांकडून तपास करवला, 2011 मध्ये निष्कर्ष आला की तसा दोष सापडला नाही. टोयोटाचे चाहते इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, आमची गाडी निर्दोष होती. पण तसं नाहीये. 2014 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याबरोबरच्या समझोत्यात कंपनीने 120 कोटी डॉलर भरले, कारण मॅट आणि पेडलबद्दल माहीत असूनही लोकांची दिशाभूल केली हे तिने मान्य केलं. दोष गाडीत होता त्याहून मोठा दोष लपवण्यात होता. धागा तुटलाय हे दिसत होतं आणि माग चालू ठेवला.

साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा तेव्हा नुकतेच अध्यक्ष झाले होते. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांनी अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन माफी मागितली आणि आम्ही फार वेगाने वाढलो असं सांगितलं. मला ते खरं वाटतं. 2008 मध्येच टोयोटाने विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकलं होतं, आणि माणसं तयार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबायला कोणी तयार नव्हतं.

प्रश्न : दाइहात्सूचा घोटाळा झाल्यावरही विश्वास ठेवायचा का?

हा प्रश्न सगळ्यात जड आहे. दाइहात्सू ही छोट्या गाड्या बनवणारी जपानी कंपनी, 2016 पासून पूर्णपणे टोयोटाच्या मालकीची. डिसेंबर 2023 मध्ये स्वतंत्र समितीने सांगितलं की सुरक्षा चाचण्यांमध्ये 174 ठिकाणी गैरप्रकार झालेत, 64 मॉडेलांमध्ये, त्यातली काही टोयोटाच्या नावाने विकलेली, आणि सगळ्यात जुना प्रकार 1989 चा. त्याआधी टोयोटाच्याच गटातल्या हिनो या ट्रकच्या कंपनीत धुराचे खोटे आकडे निघाले होते. जानेवारी 2024 मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या चाचण्यांत गडबड निघाली, आणि ही टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजेच साकिचींची मूळ मागाची कंपनी बरं का! जूनमध्ये तर खुद्द टोयोटाच्या सात मॉडेलांच्या प्रमाणपत्रांत नियम मोडल्याचं निघालं आणि अकिओंना परत मान झुकवावी लागली.

समितीने दाइहात्सूबद्दल कारण दिलं ते असं की नवी मॉडेलं बाजारात आणायच्या तारखा अशक्य घट्ट होत्या आणि चाचणी करणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मी हे वाचलं आणि थक्क झालो, लाइनवरच्या कामगाराच्या हातात दोरी आहे आणि चाचणीच्या टेबलावर बसलेल्या इंजिनिअरच्या हातात नाही. विश्वास ठेवायचा का, तर माझं उत्तर असं की इंजिन, गिअरबॉक्स वर्षानुवर्षं टिकतात या ख्यातीला अजून धक्का लागलेला नाही, ती गाड्यांनी रस्त्यावर कमावलीय. पण कागदावरचं प्रमाणपत्र केवळ नाव मोठं म्हणून डोळे झाकून मानायचे दिवस गेले. तुमच्याकडे गाडी असेल तर तिचा नंबर घालून रिकॉल आहे का ते वर्षातून एकदा तरी तपासत जा, फुकट असतं आणि पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : विजेच्या गाड्यांत टोयोटा मागे का पडली?

प्रियसमुळे असं मला वाटतं. डिसेंबर 1997 मध्ये जगातली पहिली मोठ्या संख्येने बनलेली हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, त्यांनी प्रियस नावाने आणली, ती इतकी जमली की पुढचं पाऊल टाकायची घाई त्यांना वाटली नाही. एका तंत्रावर सगळं लावायचं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. हायब्रिडची मागणी परत वाढल्यावर ते काही अंशी बरोबरही ठरलं, तरी पूर्ण विजेवरच्या गाड्यांत चिनी कंपन्या आणि टेस्ला पुढे निघून गेल्या हे खरंच.

प्रश्न : त्यांची पहिली कार कुठे बघायला मिळेल?

एए गाड्या 1,404 बनल्या होत्या. टोयोटाकडे एकही उरली नव्हती, 1987 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी जुने नकाशे वगैरे बघून नवीन प्रतिकृती बनवली. मग 2008 मध्ये रशियाच्या पार पूर्वेला एक खरी सापडली, पुष्कळ भाग बदललेली, गंजलेली. ती आता नेदरलँड्समध्ये द हेगच्या लाऊमन म्युझियममध्ये आहे आणि त्यांनी तिला रंगरंगोटी न करता जशी मिळाली तशीच ठेवलीय, गंजासकट.