नोव्हेंबरात क्योटोला चार दिवस : सोबत शाकाहारी आई आणि मासेखाऊ बाबा

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघं क्योटोला चार दिवस जाताय, आई अंडंही खात नाहीत, तर काय बघायचं आणि जेवायचं कुठे. मी ओसाकात राहतो. घरी पाहुणे आले की क्योटो फिरवून आणायची जबाबदारी माझ्याकडेच येते, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने सांगतो: आधी दुपारची जेवणं ठरवा, मग त्यांच्या आजूबाजूची देवळं निवडा. लोक नेमकं उलट करतात आणि दीड वाजता भुकेल्या आईंना घेऊन मेन्यूकार्डातली चित्रं बघत बसतात.

अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा कात्सुओ (टूनाचा भाऊबंद) माशाच्या सुकवलेल्या कपच्यांपासून करतात आणि ते सूपमध्ये, नूडल्समध्ये, उकडलेल्या भाजीत, सगळीकडे असतं. वेटर मनापासून म्हणतो, ‘यात मासा नाही.’ त्याच्या हिशेबी खरंच नसतो! म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवर जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, अंडं आणि कात्सुओची दाशी चालत नाही. तोंडी सांगायला ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ (मांसही खात नाही, मासेही नाही) एवढं पुरतं, पण दाशीसाठी चिठ्ठीच हवी.

यावर सगळ्यात चांगला उतारा म्हणजे शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांतलं जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही; चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या आईंना काही समजावून सांगावं लागणार नाही. एक अख्खा दिवस शहराच्या पश्चिमेकडच्या अराशियामाला द्या आणि तिथल्या तेन्र्‍यूजी मंदिराच्या आवारातल्या शिगेत्सू या उपाहारगृहात दुपारचं जेवण आधीच बुक करून ठेवा. तुम्ही जमिनीवर बसता आणि समोर लाल ताटात छोट्या छोट्या वाट्या येतात: तिळाचं तोफू, कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यात शिजवलेल्या भाज्या, भात, लोणचं. युबा मिळाला तर जरूर खा. सोयाबीनचं दूध तापवताना वर धरणारा पापुद्रा काढून घेतात तो हा, अगदी आपल्या सायीसारखा. बाबांचे गुडघे दुखत असतील तर बुक करतानाच खुर्चीची चौकशी करा. सकाळी आठच्या आत बांबूच्या वाटेवर पोचा. दहा वाजता तिथे बांबूपेक्षा माणसं जास्त दिसतात. जेवणानंतर रान्देन ट्रामने र्‍योआन्जीला जा. त्या देवळातली पंधरा दगडांची बाग अशी रचलीय की बसल्या जागेवरून सगळे दगड एकदम दिसत नाहीत. बाबा मोजत बसतील, बसू द्या. किन्काकुजीचं सोनेरी देऊळ तिथून जवळ आहे. आत्ता दिसतं ते १९५५चं, मूळ इमारत १९५० साली जळाली.

दुसऱ्या दिवशी शहराची पूर्व बाजू, आधी कियोमिझुदेरा हे देऊळ. ते सकाळी सहाला उघडतं, तेव्हा टॅक्सीने वर जा आणि उतरत उतरत सान्नेन्झाकाच्या गल्ल्या बघा. दुपारी नान्झेन्जी मंदिराजवळ युदोफू, म्हणजे कोंबूच्या गरम पाण्यातलं तोफू. तोफू चालतं, पण सोबतच्या सॉसमध्ये दाशी असते. आईंसाठी साधा शोयु (सोया सॉस) मागा. बरोबरच्या भाज्यांबद्दलही चिठ्ठी दाखवून विचारा.

याच दिवशी सान्जुसान्गेन्दो हे देऊळ चुकवू नका. पर्यटकांच्या यादीत ते खाली असतं, माझ्या मते सगळ्यात वर हवं. सुमारे १२० मीटर लांब लाकडी दालन, त्यात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती. त्यांच्यापुढे उभे असलेले रक्षक मात्र आपल्या ओळखीचे: दाइबोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, आणि चोच असलेला, बासरी वाजवणारा कारुरा म्हणजे गरुड. सोबत हाडं दिसणारा एक म्हातारा ऋषीही आहे. आत फोटो काढू देत नाहीत, हे एका अर्थी बरंच.

तिसऱ्या दिवशी फुशिमी इनारीचं देऊळ आणि उजी हे गाव एकत्र करा, दोन्ही जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाइनवर आहेत. क्योटोहून लोकल पकडा, रॅपिड गाडी इनारीला थांबत नाही. तोरींच्या, म्हणजे लाल कमानींच्या, रांगेतून डोंगराच्या माथ्यापर्यंत जायची गरज नाही, योत्सुत्सुजीच्या फाट्यावरून शहर दिसतं, तिथूनच वळा. उजीत ब्योदोइन मंदिर आहे, दहा येनच्या नाण्यावर छापलेलं तेच, आणि माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड.

चौथा दिवस बाबांचा. निशिकी बाजार फिरा (चालता चालता खाऊ नका, दुकानासमोर उभं राहून संपवा) आणि साबाझुशी, म्हणजे साबा माशाची सुशी, खायला घाला. साबा म्हणजे बांगड्याचा भाऊबंद. क्योटोला समुद्र नाही, म्हणून वाकासाच्या किनाऱ्यावरून तो मीठ लावून डोंगरातून आणत. निशिन सोबाही बघा, सोबा नूडल्सच्या वाडग्यात गोडसर शिजवलेला हेरिंग असतो.

फिरण्याबद्दल थोडंसं. सिटी बसचं भाडं माणशी २३० येन, म्हणजे चौघांचे ९२०. जवळच्या अंतराला टॅक्सी जवळपास तेवढ्यातच पडते आणि आई-बाबांना उभं राहावं लागत नाही. टॅक्सीचा मागचा दरवाजा आपोआप उघडतो, ओढू नका. फक्त टोकियो-क्योटो येऊन-जाऊन करणार असाल तर जेआर पास (ठरावीक दिवस जपान रेल्वेने हवं तितकं फिरायचा पास) घेऊ नका. ऑक्टोबर २०२३पासून सात दिवसांचा पास ५०,००० येनचा झाला, आणि शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) जाऊन-येऊन तिकीट त्याहून बरंच स्वस्त आहे. त्या आठवड्यात पानं लाल झालेली असतात, म्हणजे हॉटेलं महाग आणि भरलेली. आजच बघायला लागा. आणि पाचच्या आतच सूर्य मावळतो, बरीच देवळंही त्याच सुमाराला बंद होतात, तेव्हा संध्याकाळी बघायचं काही ठेवू नका, नुसतं कामो नदीच्या काठाने चाला.