कायदा सगळ्यांना सारखाच असताना अमेरिकेच्या तुरुंगांत कृष्णवर्णीय इतके जास्त का?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत कायदा सगळ्यांना सारखा असेल तर तुरुंगांत कृष्णवर्णीयच एवढे का, आणि ते गुन्हेच जास्त करतात असं सरळ का म्हणू नये. कायद्याच्या पुस्तकात आज रंग कुठेही लिहिलेला नाही, इथवर तुमचं बरोबर आहे. पुढचं मला पटत नाही. का पटत नाही ते न्यू जर्सीपुरतं सांगते, कारण मी तिथे राहते आणि तिथल्या कोर्टांत हिंदी, गुजराती आणि मराठीची दुभाषी म्हणून काम करते. (दुभाष्याला कुठल्याही केसबद्दल बाहेर बोलता येत नाही, त्यामुळे खाली जे आहे ते जाहीर निकालांतलं आणि अहवालांतलं आहे.)

देशाचा हिशेब थोडक्यात असा: लोकसंख्येत कृष्णवर्णीय 13 टक्क्यांच्या आसपास, तुरुंगातल्या कैद्यांत सुमारे एक तृतीयांश. गोऱ्यांच्या तुलनेत त्यांचं तुरुंगात असण्याचं प्रमाण साधारण पाचपट. हे ऐकलं की आपल्याला वाटतं, हा सगळा मिसिसिपी-अलाबामाकडचा मामला असणार. पण ‘सेंटेन्सिंग प्रोजेक्ट’ या संस्थेने 2016 साली राज्यवार तुलना केली तेव्हा पहिला नंबर लागला तो न्यू जर्सीचा. प्रमाण बारापट. दक्षिणेतलं एकही राज्य याच्या जवळपास नव्हतं. अर्थात दक्षिणेत गोरेही ढिगाने तुरुंगात जातात, म्हणून तिथलं गुणोत्तर कमी दिसतं, हेही खरं. तरी शिकलेलं, श्रीमंत, डेमोक्रॅटिक म्हणून मिरवणारं राज्य यादीत वर का, हा प्रश्न उरतोच. मला त्याचं उत्तर कुणा एका दुष्ट जजमध्ये सापडलेलं नाही.

सुरुवात रस्त्यावर होते. न्यू जर्सी टर्नपाइक हा इथला मोठा टोल रस्ता. आपली निम्मी मराठी मंडळी रोज त्यावरून ऑफिसला जातात. तिथे थांबवलेल्या काही कृष्णवर्णीय ड्रायव्हरांनी नव्वदच्या दशकात कोर्टात सांगितलं की पोलीस आम्हाला रंग बघून अडवतात. मग बाकायदा मोजणी झाली. रस्त्यावरच्या गाड्यांपैकी 13.5 टक्के गाड्यांत कृष्णवर्णीय माणूस होता, नियम मोडणाऱ्यांत त्यांचं प्रमाण 15 टक्के, आणि पोलिसांनी थांबवलेल्यांत 35 टक्के. त्याच मोजणीतली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: 98 टक्के गाड्या वेगमर्यादेच्या वर चालल्या होत्या. म्हणजे अडवायला कारण प्रत्येकाच्याच बाबतीत तयार होतं. कुणाला अडवायचं ते फक्त पोलिसाने ठरवायचं. कोर्टाने 1996 साली ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. एप्रिल 1998 मध्ये बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेल्या चार निःशस्त्र तरुणांच्या व्हॅनवर टर्नपाइकवरच पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले, आणि त्यानंतर 1999 साली राज्याने कबूल केलं की रंग बघून अडवणं खरोखर चालतं. पुढची दहा वर्षं इथले राज्य पोलीस केंद्राच्या देखरेखीखाली होते.

हे झालं अडवण्याचं. आता कायद्याचा नमुना बघा. 1987 साली राज्याने असा कायदा केला की शाळेपासून 1,000 फुटांच्या आत ड्रग्ज विकले किंवा विकण्यासाठी जवळ बाळगले तर सक्तीची कैद, किमान 3 वर्षं पॅरोलशिवाय (थोडा गांजा असेल तर 1 वर्ष). शाळा बंद असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, आसपास एक पोर नसो, फरक नाही. मुलांना ड्रग्जपासून लांब ठेवायचं, याला कोण नाही म्हणेल? पण 1,000 फूट म्हणजे सुमारे 300 मीटर, आणि नेवार्कसारख्या दाटीवाटीच्या, बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतल्या) लोकांच्या शहरात तीनशे मीटरवर शाळा नाही अशी जागा शोधूनच काढावी लागते. 2005 साली राज्याच्याच शिक्षा-पुनर्विचार आयोगाने नकाशे काढले. नेवार्कचा 76 टक्के भाग या वर्तुळांत येत होता, आणि मॅन्सफील्ड नावाच्या पसरट, ग्रामीण टाउनशिपचा 6 टक्के. एकच पुडी, एकच गिऱ्हाईक, पण एका पत्त्यावर तीन वर्षं आणि दुसऱ्या पत्त्यावर कदाचित प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर राहून देखरेख. त्या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी 96 टक्के लोक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, फक्त अंतर होतं, आणि कोण कुठे राहतं ते सगळ्यांना माहीत होतं. जजला आपली बुद्धी वापरायची मुभा मिळायला 2010 साल उजाडलं.

आता ज्या जागी मी बसते तिथली गोष्ट. आपल्या लोकांच्या केसेस बहुतेक घरातली भांडणं, दुकानातून वस्तू उचलणं, दारू पिऊन गाडी चालवणं, अशा. फौजदारी आरोप असेल तर वकील पहिली धडपड करतो ती आरोपीला पीटीआय मिळवून देण्याची. पीटीआय म्हणजे खटला बाजूला ठेवून काही काळ देखरेखीखाली राहायचं, अटी पाळायच्या, आणि नीट पार पडलं तर आरोपच रद्द. रेकॉर्डवर दोषसिद्धी येत नाही. उत्तम योजना आहे, आपल्या कितीतरी घरांची अब्रू तिने वाचवली असेल. पण ती मुख्यतः पहिल्यांदा सापडलेल्यांसाठी आहे, आणि तिला सरकारी वकिलाची संमती लागते. विशीतला एखादा मराठी मुलगा पहिल्यांदा सापडतो तेव्हा पाटी कोरी असते, कारण त्याच्या गल्लीत कधी कुणी खिसे तपासायला आलेलंच नसतं. नेवार्कच्या त्याच वयाच्या मुलाच्या नावावर तोवर दोन नोंदी असू शकतात. गांजा दोघांनीही ओढलेला असतो. पाहण्यांमध्ये गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत जवळपास सारखं येत होतं, पण गांजा इथे कायदेशीर होण्याआधी, म्हणजे 2021 पर्यंत, कृष्णवर्णीयांना अटक होण्याचं प्रमाण तिपटीहून अधिक होतं.

माझा मुद्दा या रेकॉर्डपाशी येऊन थांबतो. रस्त्यावरच्या पोलिसाची मर्जी सरकारी वकिलाच्या टेबलावर येते तोवर तिची ‘पूर्वीची नोंद’ झालेली असते. सरकारी वकील ती बघून आरोप वाढवतो, जज ती बघून शिक्षा वाढवतो, आणि त्यात कुणालाही आपण पक्षपात केला असं वाटत नाही. वाटायचं कारणही नसतं. कागद खराच असतो.

जामिनाचं उदाहरण तर प्रामाणिक सुधारणेचं आहे, म्हणून ते जास्त टोचतं. पूर्वी इथे जामीन रोख रकमेवर चाले. 2013 सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की इथल्या काउंटी (जिल्हा) जेलांमधले 12 टक्के लोक केवळ 2,500 डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता न आल्याने आत होते. यांच्यावर गुन्हा शाबित झालेला नव्हता. आठवडाभर आत राहिलं की नोकरी जाते, नोकरी गेली की भाडं थकतं, आणि मग सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, आज घरी जा. अमेरिकेत शिक्षा झालेल्या दहातल्या नऊहून अधिक केसेस अशा कबुलीवर मिटलेल्या असतात, सिनेमात दिसतो तसा खटला होतच नाही. कबुली घेताना जज विचारतात, ‘तुमच्यावर कुणी दडपण आणलं का? स्वखुशीने कबूल करताय ना?’ हे वाक्य मी तिन्ही भाषांत झोपेतही म्हणू शकते. उत्तरही एकच असतं.

तर 1 जानेवारी 2017 पासून न्यू जर्सीने रोख जामीन जवळजवळ बंद केला. रिपब्लिकन गव्हर्नर आणि डेमोक्रॅटिक विधिमंडळ, दोघांनी मिळून. पैशांऐवजी आता आरोपीचं वय, आधीच्या शिक्षा, आधी तारखेला गैरहजर होता का, असे मुद्दे मोजून धोक्याचा गुणांक काढतात. 2015 ते 2018 मध्ये खटल्याची वाट बघत जेलमध्ये असलेल्यांची संख्या सुमारे 44 टक्क्यांनी घटली. हजारो माणसं घरी राहिली, हे लहान काम नाही. आणि आत उरलेल्यांत कृष्णवर्णीय किती? 2012 साली 54 टक्के, 2018 सालीही 54 टक्के. गुणांकात रंग विचारत नाहीत. आधीच्या शिक्षा विचारतात. त्या शिक्षांमध्ये टर्नपाइकवरची आणि त्या 1,000 फुटांच्या वर्तुळांतली वर्षंही आली.

तुमच्या ‘गुन्हेच जास्त करतात’ला बगल देऊन चालणार नाही. अमेरिकेत खून होणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे कृष्णवर्णीय असतात, आणि मारणारे बहुधा त्याच वस्तीतले. राज्यांच्या तुरुंगांतले निम्म्याहून अधिक कैदी हिंसक गुन्ह्यांसाठी आत आहेत, त्यामुळे उद्या ड्रग्जचे सगळे कैदी सोडले तरी तुरुंग रिकामे होणार नाहीत. हे नाकारणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण ती हिंसा सगळ्या समाजात पसरलेली नाही, काही मोजक्या वस्त्यांत साचलेली आहे, आणि त्या वस्त्या आपोआप झालेल्या नाहीत. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर नेवार्कच्या कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, तिथे घराला कर्ज मिळेना. कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. 1967 च्या जुलैत एका कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्याला पोलिसांनी मारहाण केल्यावर शहर पेटलं आणि 26 माणसं मेली. शिवाय खुनातल्या फरकाने वेगमर्यादेचा आणि गांजाचा फरक कसा समजावणार? तो वेगळाच हिशेब आहे.

जेवणाच्या पंगतीत आपली मंडळी म्हणतात, आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि घर केलं, यांना काय झालंय. त्या बॅगांत डिग्री होती. 1965 च्या स्थलांतराच्या कायद्याने आपल्याकडच्यांपैकी इकडचं दार उघडलं ते मुख्यतः शिकलेल्यांना, आणि तो कायदा ज्या हवेत झाला ती हवा नागरी हक्कांसाठी मार खाणाऱ्या कृष्णवर्णीयांनी तयार केली होती. मुळाशी जायचं तर 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती बघावी लागते. गुलामगिरी रद्द, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असा अपवाद तिच्यातच आहे. (न्यू जर्सीने ही दुरुस्ती आधी फेटाळली होती, 1866 मध्ये मान्य केली.) जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा दक्षिणेत मोकळ्या झालेल्या माणसांना भटकेपणाच्या नावाखाली पकडून रेल्वे आणि खाणींच्या कंत्राटदारांना भाड्याने देणं सुरू झालेलं होतं. अलाबामात ते 1928 पर्यंत चाललं.

सुधारतंय का? संख्या नक्की कमी होते आहे. न्यू जर्सीच्या तुरुंगांत 1999 साली सुमारे 31,000 कैदी होते, आता त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत. नोव्हेंबर 2020 मध्ये कोविडमुळे केलेल्या कायद्याखाली एका दिवसात दोन हजारांहून जास्त सोडले. प्रोबेशन आणि पॅरोलवरच्या सुमारे 80,000 लोकांना 2020 पासून मतदानाचा हक्क परत मिळाला. गुणोत्तर मात्र हटवादी आहे.

ज्यूरीचंही सांगते, कारण तिथे आपला संबंध येतो. नेवार्कच्या एका कृष्णवर्णीय माणसाला खुनाच्या खटल्यात ज्यूरीसाठी बोलावलं होतं. त्याच्या ओळखीतले काही लोक गुन्ह्यांत अडकलेले, काही गुन्ह्यांना बळी पडलेले. सरकारी वकिलांनी त्याला काढा म्हटलं, जजने नकार दिला. मग त्यांनी गुपचूप त्याचंच रेकॉर्ड तपासलं, एक जुनं वॉरंट निघालं, आणि त्याला वगळलं गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली या कारणावरून आरोपीची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. आणि ज्यांची पाटी कोरी आहे त्यांचं काय? समन्स आलं की ‘इंग्रजी नीट समजत नाही’ लिहून सुटका करून घ्यायच्या युक्त्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतात, वीस वर्षं इंग्रजीत मीटिंगा घेणाऱ्यांच्या. इथे न्यू जर्सीत एडिसनला तुमचं कुणी असेल आणि सिटिझन झालं असेल, तर त्यांना एवढं सांगा की पुढचं समन्स आलं की जाऊन बसा.