जेआरएफ हातात असताना चाळीस लाखांचं कर्ज?

प्रश्न : वय २९, मूळ गाव नाशिक, पुण्यात नोकरी, हातात ५४,००० रुपये पगार. अर्थशास्त्रात नेट-जेआरएफ (पीएचडी करताना दरमहा मिळणारी सरकारी फेलोशिप) झाली आहे, त्या पत्राची मुदत पुढच्या वर्षी संपते. पुण्यातल्या विद्यापीठात गाइड तयार आहेत. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाकडूनही पीएचडीचा प्रवेश आलाय, पण स्कॉलरशिप नाही. ४० लाखांचं कर्ज काढावं लागेल. तिसरा मार्ग म्हणजे नोकरी सांभाळून पार्ट-टाइम पीएचडी. घरी दरमहा १२,००० पाठवते, वैयक्तिक कर्जाचे ६,८०० रुपयांचे १४ हप्ते बाकी आहेत. भाडं ११,०००, स्वतःचा खर्च १३,०००. एफडी साडेचार लाखांची. काय करू?

उत्तर : जेआरएफ घ्या, पण राजीनामा देण्याआधी दोन कामं उरका. ती पुढे सांगते. आधी ब्रिटनचा विषय संपवू, कारण तुमचं मन तिथे जास्त गुंतलंय असं पत्रावरून वाटलं.

व्याज १० टक्के धरा. रक्कम तीन वर्षांत, प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला सारखी उचलली आणि नंतर वर्षभर हप्ता सुरू झाला नाही, तर तोवर साधं व्याजच सुमारे १२ लाख होतं. म्हणजे ५२ लाखांचं कर्ज आणि दहा वर्षं दरमहा जवळपास ६८,७०० रुपयांचा हप्ता. आता भारतात परत येऊन सहायक प्राध्यापक झालात असं समजा. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. भत्ते वर मिळतात हे खरं, पण कायम जागा लगेच मिळेलच असं नाही. पीएचडी झालेली कितीतरी हुशार मुलं आज आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवताहेत. त्या मानधनात हा हप्ता भरणं अशक्य आहे. तिकडे जायचंच असेल तर पूर्ण निधी असलेल्या जागेसाठी पुन्हा अर्ज करा. यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या स्टुडंटशिप २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. पीएचडी हे तीन-चार वर्षांचं पूर्णवेळ काम आहे आणि ते काम करायला आपणच पैसे मोजावेत, हे मला पटत नाही.

पार्ट-टाइमला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत परवानगी आहे. कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. पण फेलोशिप सोडावी लागेल. ज्यांच्याकडे जेआरएफ नाही त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. त्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावं.

आता जेआरएफचा हिशेब. जानेवारी २०२३ पासून लागू असलेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर समितीच्या मूल्यमापनातून एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाली की ४२,०००. पुण्यात घरभाडे भत्ता २७ टक्क्यांनी धरला तर ९,९९० रुपये, मात्र हॉस्टेल घेतलंत तर तो मिळत नाही. एकूण ४६,९९०. तुमचा खर्च ४२,८००. म्हणजे कागदावर भागतं. फेलोशिप करमुक्त असते म्हणून लोक खूश होतात, पण तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत आजही कर लागत नाही, तेव्हा तो फायदा हिशेबात धरू नका. जातं ते वेगळंच : कंपनीचा पीएफमधला वाटा, वार्षिक वाढ आणि ग्रुप विमा.

खरी अडचण रकमेची नाही, ती वेळेवर न येण्याची आहे. दर महिन्याला संस्थेकडून पोर्टलवर हजेरीची खातरजमा व्हावी लागते, मग पैसे सुटतात. नोंदणी, जॉइनिंग रिपोर्ट, बँकेची जोडणी यात सुरुवातीचे काही महिने कोरडे जातात आणि पुढेही थकबाकी एकदम येते. घरी १२,००० पाठवणाऱ्या मुलीला हे झेपणार कसं, याची काळजी मला जास्त आहे.

म्हणून पहिलं काम : एफडीतून वैयक्तिक कर्ज फेडून टाका. साधारण ८८,००० लागतील. मुदतपूर्व फेडीचा आकार बँकेला विचारून घ्या. हातात ३ लाख ६२ हजार उरतात, आणि खर्च ३६,००० वर येतो. कर्ज ठेवलं तरी एफडी साडेदहा महिने पुरते, फेडलं तरी दहा महिने पुरते. पण फेलोशिप सुरू झाल्यावर महिन्याला चार हजारांऐवजी अकरा हजार शिल्लक राहतात. हे दहा महिने तुमचं कवच आहे. त्यातून लॅपटॉप घेऊ नका, कॉन्फरन्सलाही जाऊ नका.

दुसरं काम : नोकरी सोडण्याआधी स्वतःचा आरोग्य विमा घ्या. आई-बाबा कंपनीच्या पॉलिसीत असतील तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरला आत्ताच विचारा. नंतर आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ पुन्हा मोजला जाऊ शकतो. पीएफला मात्र हात लावू नका.

एक गोष्ट पाचव्या वर्षासाठी. फेलोशिप पाच वर्षांनी थांबते. नियम मात्र पीएचडीला सहा वर्षं देतात, आणि महिलांना आणखी दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. त्या अकरा हजारांतले पाच हजार पहिल्या फेलोशिपपासून आवर्ती ठेवीत टाका. प्रबंध लांबला तर त्याच पैशांवर शेवटचे महिने निघतील. बाबांशीही आत्ताच बोला. पैसे उशिरा आले तर त्या महिन्यात १२,००० ऐवजी ८,००० चालतील का, हे त्यांना आधी माहीत असू द्या.