वेचणीच्या दिवसांत चित्र कुठं जातं?

"मॅडम, मले काही सुचतच नाही. मोबाईलवर पाहूनच काढता येते. माझं असं काहीच नाही."

यवतमाळ जिल्ह्यातली ही तरुणी माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बारावीनंतर शिक्षण थांबलं, पण शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा 'अ' श्रेणीत पास झालेली. एका व्हिडिओतला 'रोज एक चित्र' हा नियम ती दरवर्षी धरायची आणि दरवर्षी दिवाळीच्या आसपास तो मोडायचा. आपल्यात चिकाटी नाही, म्हणजे आपण कलाकारच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

गावाकडची बरीच मुलं हीच तक्रार घेऊन येतात. मी आधी त्यांचं वर्ष कसं जातं, ते विचारते.

दिवाळीच्या आसपास तिच्याकडे वेचणी असते. पहाटे स्वयंपाक, डबा, मग दिवसभर कमरेला फडकं बांधून पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात. त्याच बोटांनी रात्री पेन्सिल धरायची? हा चिकाटीचा प्रश्नच नव्हता. शहरातल्या खोलीत बसून केलेला नियम मृगापासून सुरू होणाऱ्या वर्षाला लावला, तर तो मोडणारच.

मी तिला म्हटलं, वेचणी संपेपर्यंत चित्र काढूच नकोस. दिवसात नजर कुठं अडकली, ते फक्त ओळभर लिहून ठेव.

ती वही घेऊन आली तेव्हा आम्ही दोघींनी ती सोबत वाचली. पऱ्हाटीची सावली होती, कापसाच्या गंजीवर झोपलेलं पोर होतं. पण पुन्हा पुन्हा येत होत्या त्या पाठी. वाकलेल्या बायांच्या, ओझं उचलणाऱ्या, चुलीपुढच्या आजीची. तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. ज्याला ती 'माझं असं' म्हणत होती, ते तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मग शाळेतला कोणता पेपर आवडायचा, ते विचारलं. स्मरणचित्र, ती लगेच म्हणाली. म्हणजे दिवसभर पाहून नंतर आठवणीतून काढायची सवय हाताला होतीच. फेब्रुवारीनंतर शेतातली कामं ओसरली की दुपारी घर निजतं. ती वेळ तिनं स्वतः निवडली. तिथं मोबाईल नाही, समोर फक्त वहीतली एक ओळ. कोळसाही ती घरीच करते. पऱ्हाटीच्या काड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायच्या, झाकणाला बारीक भोक ठेवायचं आणि डबा चुलीत सरकवायचा. आत हवा पुरेशी मिळत नाही, त्यामुळे काडीची राख न होता कोळसा होतो. भोकातून धूर यायचा थांबला की डबा बाहेर काढायचा, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचा नाही.

एक अट मात्र मी घातली: काढलेलं चित्र त्याच दिवशी स्टेटसला टाकायचं नाही. कागद ट्रंकेत ठेवायचा आणि आठवड्यानं पाहायचा. काढताना परीक्षक शेजारी बसला की हात आखडतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर अख्खं गाव परीक्षक असतं.

मधले रिकामे महिने तिला तरीही टोचत होते. तेव्हा मी तिला वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल सांगितलं. १९२४ साली नागपुरात जन्मलेले हे चित्रकार वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करत. त्यांचा पुष्कळसा वेळ विचारात जाई. त्यांच्या मृत्यूनंतर २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. हात थांबलेला असतानाही काम चालू असू शकतं, हे तिला माझ्या समजावण्यापेक्षा या एका माणसानं जास्त पटवलं.

मोबाईलवर पाहून काढणं तिनं सोडलेलं नाही, आणि सोडूही नये. त्यातूनच हात शिकतो. परवा ती आली ती वेगळीच तक्रार घेऊन. "पाठी जमते मॅडम, पण ओझं धरलेले हात लाकडासारखे दिसते." हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीतला नाही. मी तिला तिच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांकडे पाठवलं.