रडू खरंच यायला हवं का?

प्रश्न: ताई, मी दोन वर्षं अभिनयाचे क्लास केले, तिथे सगळा भर आतून फील करण्यावर होता. आता ज्या नाटकात आहे तिथले सर म्हणतात फील नको करूस, दाखव. हातवारे ठरलेले, चाल ठरलेली, अर्धी वाक्यं थेट प्रेक्षकांकडे बघून. मला सगळं खोटं वाटतंय. शिकलेलं फुकट गेलं का?

उत्तर: नाही रे, फुकट कसं जाईल. पण तुझी घुसमट कळते मला, दोन वर्षं आत बघायची सवय लागलेल्या माणसाला अचानक बाहेर बघ म्हटलं की स्वतःचेच हातपाय परके वाटायला लागतात, आणि तेही तालमीत सगळ्यांसमोर.

आधी स्तानिस्लावस्की या रशियन नट-दिग्दर्शकाचं सांगते, कारण हे 'आतून फील कर' त्याच्याच नावावर चालतं. १८९८ मध्ये त्याने नेमिरोविच-दान्चेन्कोबरोबर मॉस्को आर्ट थिएटर सुरू केलं, जुन्या आठवणी जागवून भावना आणायचे प्रयोगही केले, पण शेवटच्या वर्षांत तो शारीरिक कृतीकडे वळला, कारण रडू ये म्हणून येत नाही पण दार उघड, पत्र लपव, हे शरीराला सांगता येतं आणि त्यामागून भावना येते. १९३४ मध्ये स्टेला अ‍ॅडलर ही अमेरिकन नटी पॅरिसला त्याच्याबरोबर काही आठवडे काम करून आली आणि परत जाऊन ग्रुप थिएटर या आपल्या नाटकमंडळीत म्हणाली की आपण आठवणींवर नको इतका भर देतोय, नाटकातली परिस्थिती आणि कृती धरा. तिथेच अभिनय शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गला हे पटलं नाही, त्याचा भर आठवणींवरच राहिला, तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तू शिकलास ती यातली एक वाट.

आता खोटं वाटण्याबद्दल. जर्मन नाटककार ब्रेख्तने एक साधं उदाहरण दिलंय, रस्त्यावर अपघात झालाय आणि बघणारा माणूस जमलेल्या लोकांना सांगतोय की ड्रायव्हर असा आला, म्हातारा असा वळला. तो ना ड्रायव्हर होतो ना म्हातारा, रडत तर अजिबात नाही, तरी त्याला खोटारडा कोणी म्हणत नाही कारण काय घडलं ते लोकांना कळावं याची त्याला तळमळ असते. तुझे सर बहुतेक हेच मागतायत. म्हणून प्रत्येक वाक्याला स्वतःला विचार, हे मी कोणाला सांगतोय आणि का सांगतोय. त्याचं उत्तर पक्कं असेल तर ठरलेला हातवाराही खरा वाटतो, हे मी तालमींमध्ये खूपदा बघितलंय.

शरीराचं काम मात्र वेगळं करावं लागेल, तिथे शॉर्टकट नाही. मायरहोल्ड हा रशियन दिग्दर्शक आधी स्तानिस्लावस्कीच्याच कंपनीत नट होता, नंतर वेगळा झाला, त्याच्या बायोमेकॅनिक्स या नटाच्या शारीरिक तालमीच्या पद्धतीत 'ओत्काझ' म्हणून एक गोष्ट आहे, कुठलीही हालचाल करण्याआधी छोटीशी उलट हालचाल, म्हणजे ठोसा मारायच्या आधी हात मागे जातो तसं. तुझी ठरलेली चाल घे आणि प्रत्येक वळणाआधी हे कर, आधी खूप मोठं, मग कमी करत करत दिसेनासं होईपर्यंत. नंतर संहितेतल्या दहा ओळी काढून प्रत्येकीपुढे एक क्रियापद लिही, मनवतोय, टाळतोय, घाबरवतोय असं, आणि हातवारे न बदलता तेच क्रियापद खेळ. आठवडाभर रोज कर, मग सरांना दाखव.

आणि नाट्यशास्त्रात आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चारही अभिनय मानलेत, आतलं-बाहेरचं भांडण लावायची काही गरजच नाही. फक्त डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून प्रयोग पडला असं समजू नकोस, पाणी प्रेक्षकांच्या डोळ्यांत यायला हवं.

प्रश्न: माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही, ओरडलं की घसा बसतो. काय करू?

उत्तर: ओरडणं आधी बंद करा. बहुतेक वेळा आवाज कमी नसतो, शब्दांचे शेवट गिळले जातात आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपलेला असतो. संहितेत श्वास घ्यायच्या जागांवर पेन्सिलने खुणा करा, व्यंजनं स्पष्ट म्हणा, तालमीआधी दहा मिनिटं ओठ मिटून हलकं गुणगुणा. आणि दोनतीन आठवडे घसा बसलेलाच राहिला तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.