मेंढरं माळावर कधी सोडावीत?

प्रश्न (माण-आटपाडी भागातील मेंढपाळ): पूर्वी मृगात माळ हिरवा व्हायचा. आता जुलै उजाडतो तरी गवत नाही आणि दिवाळी झाली तरी पाऊस हटत नाही. मेंढरं कधी सोडायची, वाडा (कळपासह फिरता तळ) कधी हलवायचा?

उत्तर: मंडळी, तारीख मी सांगणार नाही. माळावर जाऊन गवत वितीने मोजा. वीतभर झालं की सोडा, चार बोटं उरलं की उठवा.

कारण असं. पवन्या, मारवेल ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं. पहिल्या सरीला जो कोंब येतो तो मुळातल्या साठ्यावर. हल्ली सरी पडतात आणि मग दोन-तीन आठवडे उघडीप, वर ऊनही कडक. त्यात मेंढीने कोंब जमिनीलगत खुडला की ठोंब पुन्हा फुटायला साठाच उरत नाही. मेलेल्या ठोंबाच्या जागी येते कुसळी किंवा गाजर गवत. कुसळ लोकरीत शिरून कातडीत रुततं, हे तुम्हाला काय सांगावं! पाऊस एकूण तेवढाच पडला तरी माळ उघडा पडतो तो यामुळे.

म्हणून कुरणाचे चार भाग करा आणि दर वर्षी पाळीपाळीने एक भाग बी गळेपर्यंत बंद ठेवा. गावाने एकदिलाने ठरवलं नाही तर हे जमत नाही. एकाने राखायचं आणि दुसऱ्याने रात्रीत चारायचं, असं मी दोन गावांत पाहिलंय. कापून साठवायचं गवत मात्र फुलोऱ्यातच कापा. बी धरल्यावर उरते नुसती काडी, आणि उभ्या काडीवर अवकाळी पाऊस पडला की ती काळी पडते, मेंढी तोंड लावत नाही.

कोवळ्या गवतावर एकदम तुटून पडू देऊ नका. आधी थोडा कडबा किंवा भुसकट घाला. कोवळा चारा एकदम खाल्ल्याने आतड्यात विष तयार होतं, त्या आंत्रविषार रोगाची लस मे महिन्यातच टोचून घ्या; कळपाला पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा हवी.

वाड्याचं म्हणाल तर, तुम्ही वाडा घेऊन जाता त्या खालच्या मुलखात पिकं उशिरा निघतात, रानं मोकळी नसतात. निघण्याआधी ज्यांच्या रानात मेंढरं बसवता त्यांना फोन करा. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे-नगर भागात थंडीत रात्रभर पाऊस झाला आणि उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या-शेळ्या दगावल्या. भिजलेली लोकर, गार वारा, रिकामं पोट. कोकरू त्यात तासाभरातही आखडतं. वाघुरीबरोबर (मेंढरं कोंडायच्या जाळीबरोबर) एक ताडपत्री घोड्यावर असू द्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खात्याचा कृषी सल्ला येतो, तो मोबाइलवर मेघदूत ॲपमध्ये बघा. पावसाचा अंदाज असेल तर लोकर कातरणी पुढे ढकला.

प्रश्न: ज्वारीचं रान सुकलंय, मेंढरं घालू का?

उत्तर: नको. पाण्याच्या ताणात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीने किराळ लागते, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा होते. पोट फुगून, तोंडाला फेस येऊन जनावर अर्ध्या तासातही जातं. चुकून शिरलीच तर लगेच बाहेर काढा आणि दवाखान्यात फोन करा. यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत पोचलं तरच.