कार्डावर 'लाकडी खेळणी', घरात गंजिफा: अर्ज परत आला असेल तर

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. तुम्ही वडिलांबरोबर लेथवर लाकडी खेळणी करता, वहिनी (तुमच्या पत्नी) गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात, कारागीर कार्ड (हस्तकला करणाऱ्याचं सरकारी ओळखपत्र) निघालं ते तुमच्या एकट्याच्या नावावर आणि त्यावर फक्त 'लाकडी खेळणी'. आता प्रदर्शनात गंजिफाचा स्टॉल मागितला तर अर्ज परत. सावंतवाडीत आमच्या घरी हेच झालं होतं, फरक एवढाच की आमच्याकडे कार्ड माझ्या नावावर होतं आणि लेथला मी कधी हातही लावलेला नाही. लेथ सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा.

आधार, बँक खातं, मोबाइल जोडणं यावर बोलत नाही, ते तुम्ही केलेलंच असणार. थेट मुद्द्यावर येते.

आमची चूक कार्डाच्या नोंदणी शिबिरात झाली. फॉर्म भरणारा मुलगा भराभर विचारत होता. "काय करता?" मी म्हटलं, गंजिफा. "म्हणजे?" मी म्हटलं, गोल पत्ते, रंगवलेले. त्याने यादी वर-खाली केली, आमच्या अंगणातला लाकडाचा ढीग पाहिला होता म्हणून 'लाकडी खेळणी' निवडलं आणि म्हणाला, ताई, सगळं एकच असतं. मी न वाचता सही केली. त्या एका सहीची किंमत पुढची दोन वर्षं मोजली.

दुरुस्तीसाठी ज्या कार्यालयात गेले त्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, चित्र आहे म्हणजे चित्रकला, ती हस्तकलेत बसत नाही. दुसऱ्या खेपेला, नमुना आणा. मी दशावतारी संच घेऊन गेले. दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून 12, असे 120 पत्ते. समोरच्या साहेबांनी नरसिंहाचा राजा उचलला आणि छापील पत्ता पाहावा तसा दोन बोटांत धरून वाकवला. मागची लाख तडकली. आवाज मला अजून आठवतो.

तुमच्या घरातही हीच कला आहे म्हणून सांगते, वहिनींना हे लगेच कळेल. एक पत्ता गेला म्हणजे एक पत्ता जात नाही. चिंचोक्याच्या खळीत कापडाचे थर बसवायचे, सुकवायचे, खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, दगडाने घोटायचं, मग रंग, मग लाख. नवा पत्ता करता येतो, पण पाठीची लाख दुसऱ्या घाण्यातली, तिची छटा उरलेल्या 119 पत्त्यांशी जुळत नाही. खेळात तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो, म्हणजे संच खेळायला बाद. तो संच मी विकला नाही, घरी ठेवलाय. साहेब म्हणाले, "छान आहे, पण खेळणीच ना ही?" पुंडलिक चितारींसारख्या जुन्या हातांकडून शिकून सावंतवाडीच्या राजवाड्याने ही कला मरता मरता वाचवली, आणि टेबलापलीकडे ती 'खेळणीच ना'. राग येतो, अजून येतो.

आता काय करायचं ते. (नियम बदलतात, मी कुठली अधिकारी नाही, आमच्या अनुभवापुरतं सांगते. जाण्याआधी एकदा विचारून घ्या.)

तुमचं कार्ड दुरुस्त करत बसू नका. तुम्ही लाकडाचं काम करता, ते कार्ड खरं आहे, तसंच राहू द्या. वहिनींच्या नावाने वेगळं कार्ड काढा, त्यावर गंजिफा. ओळखपत्र माणसाचं असतं, घराचं नसतं. आमच्याकडे शेवटी हेच केलं, माझ्या नावावरचं जुनं रद्द करून. स्टॉलचा अर्जही मग त्यांच्याच नावाने करा. रंगवणाऱ्या बायकांनी आयुष्यभर नवऱ्याच्या कार्डावर बसायचं, हे मला मुळातच पटत नाही.

केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेचं मात्र उलटं आहे. ती घराची आहे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ. 2023 च्या सप्टेंबरला सुरू झाली तेव्हाच्या 18 व्यवसायांत बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, गंजिफा रंगवणारे वेगळे नाहीत. त्यामुळे ती तुम्ही घ्या, लेथवाल्याने. अवजारांसाठी 15,000 पर्यंत आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यांनी, हे लेथच्या कामाला जास्त उपयोगी. वहिनींच्या नावावर घाईने भरलंत तर तुमची वाट बंद होईल.

कार्डाच्या फॉर्ममध्ये कलेचा रकाना एकच का असतो, हे मला कधीच समजलेलं नाही. आपल्या शेजारी पिंगुळीचं पाहा. ठाकर मंडळींकडे एकाच घरात चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची गोष्ट) कागदावर, कळसूत्री बाहुली लाकडाची, सावलीची बाहुली चामड्याची. 2021 ला तिथल्याच परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली ती या सगळ्यासाठी, एका माध्यमासाठी नाही. आणि त्यांच्याच वाडीतल्या पोराने फॉर्म भरला तर कागद, लाकूड, चामडं यातलं एक निवड म्हणतात. रकाना एकच असेल तर ज्या कामात तुमचा हात बाहेरचा माणूस ओळखतो ते लिहा. लवकर विकलं जातं म्हणून दुसरं लिहू नका. आम्हाला 'लाकडी फळं लिहा, खप जास्त' असा सल्ला मिळाला होता, तो वाईट सल्ला होता.

भौगोलिक मानांकनाबद्दल (जीआय, म्हणजे वस्तू अमुक ठिकाणचीच असल्याची सरकारी नोंद) तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. सावंतवाडीच्या गंजिफाला मानांकन मिळालं म्हणजे आपल्याला आपोआप मिळालं असं नसतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाने स्वतः नोंदवावं लागतं. 2020 मध्ये ते शुल्क 500 वरून 10 रुपयांवर आणलं. या नोंदणीसाठी कोणी हजारात पैसे मागत असेल तर उठून या. लाकडी कामाची नोंद वेगळी, गंजिफाची वेगळी, इथेही दोन नावांनी दोन अर्ज.

कार्डाच्या अर्जात पुराव्याला तयार मालाचे फोटो पुरत नाहीत, हे आम्हाला उशिरा कळलं. वहिनी खळ लावताना, घोटताना, कुंचला धरलेला हात आणि चेहरा एकाच फोटोत येईल असे चार-पाच काढा. खिडकीजवळ, सकाळी. आणि नमुना न्यायचाच असेल तर पूर्ण संच नेऊ नका. सुटे पत्ते न्या, पाठीला लाख न दिलेले, आणि ते स्वतःच्या हातात धरून दाखवा.

वहिनींचा फॉर्म भरून झाला की सबमिट करण्याआधी 'कला' या रकान्याचा स्क्रीनशॉट मला निरोपात पाठवा. मी त्याच दिवशी बघते.